काकांना मांजर कुठे आवडायची?

“काकांची लाडकी मांजर?” चिमणी ताडकन उठून बसली. “अरे, मांजर दिसली की शिंकून शिंकून लाल व्हायचे ते!”

पण सुट्टीसाठी ती ज्या मावशीच्या घरी राहायला आली होती, तिथे काल मावशीच्या वारलेल्या नवऱ्याशी, म्हणजे काकांशी, बोलणं करून द्यायला एक ‘आत्मेवाले’ गृहस्थ आले होते. डोळे मिटून ते काकांच्या आवाजात घोगरले, “माझ्या मांजरीला जप. घड्याळदुरुस्ती तुला झेपायची नाही. माझी हत्यारं या सज्जनांना दे.”

मावशी ते काम काकांकडूनच शिकलेली. त्या बारीक चिमट्यांवर तिचा जीव! तरी उद्या ती हत्यारांची पेटी द्यायला तयार झाली होती.

“मांजरीचं कुणाला बोललीस?” शेजारच्या ढब्बूने विचारलं.

चिमणीने जीभ चावली. “फ्रेमवाल्याला! काकांच्या फोटोत तुमची मांजर आली होती ना? ‘कुणाची?’ म्हणाला. मी ठोकून दिलं, काकांची लाडकी. कोण समजावत बसणार!”

“म्हणजे तोच बातम्या पुरवतो! चल, माझ्या आजोबांचा फोटो नेऊ.”

आजोबा म्हणाले, “मरायला माझी हरकत नाही. जेवणाआधी परत आणा म्हणजे झालं!”

दुकानात ढब्बूने नाक ओढत सांगितलं, “आजोबा बासरी फार छान वाजवायचे हो!”

दुसऱ्या दिवशी मावशी पेटी मांडीवर घेऊन बसली होती. मावशीला गप्प राहायची खूण करत चिमणी म्हणाली, “आधी ढब्बूच्या आजोबांना बोलवा ना!”

गृहस्थांनी डोळे मिटले. “बाळा… माझी बासरी… इथे फार थंडी आहे रे…”

“थंडी वाजणारच! पंखा पाचावर आहे!” पडदा सारून आजोबा बाहेर आले. “आणि बासरी कसली? मला धड शिट्टी येत नाही!”

गृहस्थांचा चेहरा पडला. “आत्मे… कधी कधी चुकतात…”

“आत्मे नाही, फ्रेमवाले!” दोघं एकदम ओरडली.

“मेहुणा आहे माझा,” गृहस्थ पुटपुटले. “पण लोकांना तेवढंच बरं वाटतं हो.”

“मला नाही वाटलं,” मावशी म्हणाली. “‘तुला झेपायचं नाही’ असं ते जन्मात बोलले नाहीत. परवा ते ऐकलं, आणि काका दुसऱ्यांदा गेले असं वाटलं मला.”

गृहस्थ खाली मान घालून चालते झाले.

“शाबास रे गुप्तहेरांनो!” आजोबांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली. “मोठ्यांचे कान उपटलेत!”

“माझेही,” मावशी हसली.

चिमणीने हळूच विचारलं, “मावशी, काकांशी बोलावंसं वाटतं तुला?”

“रोज बोलते की! फक्त त्यांची उत्तरं मी बनवत नाही.” तिने पेटी उघडली, भिंग डोळ्याला लावलं. “आता सरका बघू. उजेड अडवताय!”