सरिताच्या नावावरची टिप

"बाई, खुशबूचा अर्ज फेटाळला. म्हनते, तुह्या मायचं उत्पन्न जास्त हाय!"

सरिताने कागद पुढे केला. आयकर कार्यालयात एकतीस वर्षं खर्डेघाशी करून भंडाऱ्यात निवृत्त झालेल्या सुलोचनाबाईंनी चष्मा लावला. शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची. सरिताच्या नावे भरलेल्या आयकर विवरणपत्रात पगार एक लाख बत्तीस हजार आणि टिप दोन लाख दहा हजार. कर शून्य. शुक्रवारपर्यंत हे खोटं ठरलं नाही, तर पोरीची नर्सिंगची जागा जाणार होती.

"हे तू भरलंस?"

"मले तं हे काय अस्ते, तेच माहीत नाही. आधार-पॅनचे कागद तं बँक खात्यासाठी कामावर देल्ले होते."

"टिप किती मिळते?"

"गिऱ्हाईक नगद देते ते डब्यात टाकतो न् सारे वाटून घेतो. रोजचे वीस-तीस रुपये येते वाट्याले."

दुपारी दोघी शहापूरजवळच्या महामार्गावरच्या भोजनालयात पोचल्या. सरिता तिथे सहा वर्षांपासून वाढपी होती; आत शिरताच तिने सवयीने आपला फोन काउंटरवर जमा केला. मालक भय्याजी नागपूरचे. त्यांनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"गिऱ्हाईक क्यूआरवर टिप टाकते. आम्ही रोज तेवढी नगद देतो, सही घेतो. टिप कामगाराची, तिचा कर कामगारानं पाहावा. मी काहून भरू?"

"सगळ्या पावत्या हिच्याच नावावर?"

"जुनी बाई. ती बाकीच्यायले वाटते, असं प्रविण सांगते."

प्रविण म्हणजे मॅनेजर. त्याने लगबगीने चहा मागवला. "सरिताताई, तुमच्या खुशबूचा फॉर्म मीच भरून देल्ला होता. लई वाईट वाटलं."

त्याच्या मागे भिंतीवर गावजत्रेतल्या नाटकाचा फलक होता. सुलोचनाबाई तो वाचत राहिल्या.

"आमच्या सिहोऱ्याच्या मंडईचं नाटक," प्रविण खुलला. "सारा खर्च आपला!"

"कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन कुठे असतात?"

"काउंटरच्या ड्रॉवरमंदी," गल्ल्यावरची चंदा बोलली. "चावी शेठ, प्रविणभाऊ न् माह्यापाशी."

"तुमच्या गावची मंडई कधी झाली?"

"मी इथलीच, शहापूरची. मले कुठची सुट्टी! मंडईच्या दिवशीही गल्ल्यावरच होती."

सुलोचनाबाईंनी तासभर पावत्या चाळल्या. मग एक काढून सरितासमोर धरली.

"ही तुमच्या गावच्या, अड्याळच्या मंडईच्या दिवशीची. टिप घेतल्याची तुझी सही आहे."

"घरी पंधरा पाव्हणे होते बाई! गावची मंडई सोडून कोनी कामावर येते का?"

"तेच तर. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाची वेगळ्या दिवशी, आणि त्या दिवशी माणूस गाव सोडत नाही. सरिता नव्हती तरी सही झाली, म्हणजे सही करणारा दुसराच. भय्याजी, तुमचं भोजनालय वर्षात किती दिवस बंद असतं?"

"एकही नाही."

"मग तीनशे चौसष्टच पावत्या का? एका दिवसाची नाही. त्या दिवशी तुम्ही होता, चंदा होती, गिऱ्हाईकही होतं. नव्हता फक्त चोर. तीच तारीख या फलकावर आहे. सिहोऱ्याची मंडई."

प्रविण सरकून फलकासमोर उभा राहिला.

"टिप खिशात घालायची, तर घेणाऱ्याचं नाव हवं. बँक खात्यासाठी सरिताने याच्याकडे कागद दिले होते. फोन ड्रॉवरमध्ये, त्यावर आलेला ओटीपी याच्या हातात. विवरणपत्र भरलं की मालकही निश्चिंत. याने नाटक उभं केलं दुसऱ्यांच्या टिपच्या पैशांवर, आणि वर पोरीचा फॉर्म भरून पुण्य कमावलं. शी!"

"कर तं शून्य आला ना!" प्रविण ओरडला. "हिचं काय गेलं?"

सरिताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. याच हाताने त्याने अर्ज भरला होता, आणि तिने त्याला घरून खीर आणून दिली होती.

भय्याजींनी नोटांची गड्डी तिच्यापुढे सरकवली. "गावभर बोभाटा कायले? बक्षीस समज."

त्यांचीही तिला किळस आली. तिने गड्डी परत ढकलली, गल्ल्यावरचं पावतीपुस्तक उलटं करून कोरं पान समोर ठेवलं.

"लिवा शेठ. सरिताले हे पैसे कधी देल्लेच नाही, सह्या प्रविणच्या. खाली तुमची सही न् शिक्का. खुशबूसाठी एवढंच पायजे. नाही तं चला पोलीस ठाण्यात."

भय्याजींनी सुलोचनाबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. शेवटी पेन उघडलं.

लिहून होईपर्यंत सरिता उभी राहिली. मग तिने चंदाकडून ड्रॉवर उघडून घेतला, आपला फोन काढला आणि त्या कागदाचा फोटो खुशबूला पाठवला.