मांडीवरचे पाय

"महाराजांचे पाय काल नुसते गार होते. आज वाकतही नाहीत," तुदनो मांड्या चोळत कुरकुरला. "लाकडाचा ओंडका धरून बसल्यासारखं वाटतं."

"हळू बोल," मी म्हटलं.

तुदनो माझा नवरा. राजा दालनात बसला की त्याचे पाय मांडीवर धरायचे, हे त्याचं मानाचं काम. ते पाय मांडीवर आहेत तोवर तिथे घेतलेली शपथ कुणाला मोडता येत नाही. मी मधाची दारू गाळते.

तीन दिवसांपूर्वी राजा इद्वालन आमच्यावर चालून आलेल्या सॅक्सनांशी बोलणी करायला बारा माणसं घेऊन नदीवर गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताना परतला तो एकटाच. गळ्याभोवती लोकरी पट्टा, जोडे ओले. ते जोडे जाळाशेजारी ठेवूनही अजून वाळले नव्हते. त्याचा पेला मी भरायची आणि तसाच भरलेला उचलायची. कुत्री दालनात पाऊल टाकेनात.

"म्हातारी झालीत," आचारी म्हणाला.

"त्यातलं एक सहा महिन्यांचं आहे," मी म्हटलं. तो कांदे चिरू लागला.

बोलणार कोण? डोंगरापलीकडचे दोन राजे आमच्या बाजूने लढायची शपथ घ्यायला आले होते. त्यांचा शब्द इद्वालनला होता, त्याच्या सहा वर्षांच्या लेकीला नव्हे. तो नसेल तर सुगीपर्यंत आमच्या कुरणांत सॅक्सनांची गुरं चरणार.

दुपारी दोघांनी शपथ घेतली. तेवढ्यात सॅक्सनांचा दूत आत आला. राजाला बघून जागीच थबकला. ओठ पांढरे पडले, तरी निरोप त्याने सांगितलाच.

"गुडघा टेक. राज्य राहील."

बोलताना त्याची नजर त्या लोकरी पट्ट्यावर होती.

तुदनोच्या मांडीवरून पाणी ओघळत जमिनीवर आलं. नदीचा वास सुटला. पाय सोडून तो उठला असता तर मी त्याला बोल लावला नसता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पायांना दोन्ही हातांनी कव घातली.

मी पेला भरला. थेंबही सांडला नाही.

"धरलेत ना रे?" राजाने विचारलं.

"धरलेत, महाराज. आता सोडत नाही."

राजाने पट्टा सोडला. सावकाश, गाठ न तोडता. खाली गळा चिरलेला होता. मग दूताकडे पाहिलं.

"तुझ्या राजाला सांग, मी मेलोय. मेलेल्याचा गुडघा वाकत नाही."