डाव्या हाताची रायफल

पंपाची रायफल घ्यावी की हाताने दांडा उचलून ओढायची ती बोल्टची, हा प्रश्न दर ऑक्टोबरात माझ्या दुकानात कुणी ना कुणी विचारतंच. बंदुका दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला आपोआप भरणारी रायफल चालत नाही. मग झटपट दुसरी गोळी हवी असेल तर पंप. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत बसतं. हे सगळं डावा हात करतो. उजवा चापावरच राहतो आणि डोळा नेमावरून हलत नाही. आमच्या दाट रानात हरीण दिसतं तेच मुळी पळताना. तिथे याहून बरं काही नाही.

तोटेही मी लपवत नाही. मूठ सैल असते, चालताना वाजते. लांबच्या नेमाला पंप बोल्टची बरोबरी करत नाही. पालथं पडून चालवायला त्रास होतो. काडतूस फुगून अडकलं तर ते उपटून काढायची ताकद बोल्टमध्ये असते, पंपात नसते. आणि एक तोटा इतका उघड आहे की तो कुणी विचारतच नाही. डावा हात चालता लागतो.

माझ्या वडिलांचा, अर्विन हॉकेनबेरींचा, डावा हात एप्रिलमध्ये लकव्याने गेला. पाय वाचला, बोलणं वाचलं, हात तेवढा गेला. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली, बाबाला काही कळलं नाही. जूनमध्ये तो हात तापलेल्या शेगडीवर पडून राहिला, तेव्हा बाबाला ते वासावरून कळलं. मी मलम लावत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता, जणू मी दुसऱ्याच कुणाला मलम लावत होते. मलाही फारसं काही वाटेनासं झालं होतं. करायची कामं करायची, एवढंच.

त्याचा धाकटा भाऊ लेस्टरकाका दर रविवारी यायचा. काका बोल्टवाला आणि बाबा पंपवाला, त्यामुळे त्यांची जुंपायची ती ठरलेली.

"अर्विन, आता तरी तो खुळखुळा विकून टाक," काका म्हणायचा. "तरुणपणीसुद्धा तुला त्याने तीन गोळ्या एका ताटाएवढ्या जागेत बसवता आल्या नाहीत."

"हरीण काय अंगाला ताट बांधून फिरतं का रे?" बाबा म्हणायचा. "तू तुझा दांडा खालीवर करत बस. तोवर हरीण पुढच्या जिल्ह्यात जाऊन पोरं घालतं."

"माझी बोल्ट घे. एका हाताने तरी चालेल."

"एका हाताने मी कॉफी ढवळतो. शिकार पंपानेच."

मला विचाराल तर बाबाने यंदा रानात येऊच नये असं वाटत होतं. दुपारी आम्ही हाकारा घालतो. खालून माणसं ओरडत वर चढतात आणि वर बसलेल्यांकडे हरणं पळतात. म्हणजे वर बसलेल्याच्या समोरून माणसंच येत असतात. एका हाताने तोललेली नळी कुठे वळेल याचा नेम नाही. पण त्याला घरी ठेवलं, तर तो ख्रिसमस बघणार नाही याची मला खात्री होती. तो तसं बोललाही होता, जेवता जेवता, मीठ मागावं तसं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी मागच्या दारी सरपण रचत होते. आतून आवाज आला. खट-खट. थोड्या वेळाने पुन्हा, खट-खट. पंपाचा आवाज मी झोपेतही ओळखीन. आत गेले तर बाबा खुर्चीत घोरत होता. मांडीवर रिकामी रायफल आणि डावा हात पुढच्या मुठीवर.

हात घसरून पडला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ही मूठ आपोआप सुटत नाही. चाप ओढावा लागतो किंवा खालचा खटका दाबावा लागतो. उजवा हात तर खुर्चीबाहेर लोंबत होता. मी रायफल उचलली. मुठीचं लाकूड कोमट लागलं.

मी कुणाला बोलले नाही. हंगामाच्या पहिल्या सोमवारी, बार्कपील दरीतल्या आमच्या लाकडी कॅम्पवर, काका बकव्हीटची धिरडी उलटत होता आणि बाबा त्याला नावं ठेवत होता. तेवढ्यात मी बाहेरच्या पडवीत बसून बाबाच्या रायफलीची फायरिंग पिन काढली. काडतुसाच्या बुडावर आपटते ती पिन. ती नसली की चाप कितीही ओढा, गोळी सुटत नाही. शिंगवाला नर समोर आला तर बाबा चाप ओढणार, नुसती टिचकी वाजणार, तो काडतुसाला शिव्या घालणार आणि सगळे जिवंत घरी येणार. बापाला फसवत होते, आणि त्याचंही मला काही वाटलं नाही. पिन मी खिशात टाकली.

दुपारी बाबाला कड्यावरच्या ओंडक्यावर बसवलं. डावा हात झोळीत होता. समोर दुबेळकं लाकूड रोवून त्यावर नळी टेकवून दिली. मी हाकेच्या अंतरावर, मोठ्या खडकापलीकडे उभी राहिले. दरीतून काका आणि दोघे शेजारी वर चढू लागले. "हो होऽऽ, हो होऽऽ," त्यांचा आवाज येत होता. बर्फ पातळ होता, वारा नव्हता. हरीण एकही दिसलं नाही.

ठो.

खट-खट. ठो. खट-खट. ठो.

मी धावले.

बाबा ओंडक्यावर तसाच होता, डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. रायफल मात्र दुबेळक्यावर नव्हती. ती हवेत उचललेली होती. डावा हात झोळीतून बाहेर येऊन पुढच्या मुठीवर होता आणि नळी उताराकडे होती. नळी जराही हलत नव्हती.

मी रायफल धरली. हात सोडेना. एकेक बोट उकलावं लागलं. तळवा गरम होता, घामेजलेला. बाबाचा उजवा हात बर्फासारखा गार होता.

"बाबा!"

"हं? आलं का हरीण?"

"तू गोळ्या झाडल्यास."

"मी?" त्याने डोळे चोळले. "मला तर डुलकी लागली होती, रो."

काका धापा टाकत वर आला. आमच्याकडे नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं शेपूट कापतात आणि कॅम्पच्या भिंतीवर ठोकतात. काकाने चाकू उघडूनच आणला होता.

"तीन गोळ्या आणि हरणाचं नाव नाही! काढ शर्ट, अर्विन!" तो हसत होता. "माझा हातमोजा पडला म्हणून वाकलो, नाहीतर तू मलाच लोळवलं असतंस, गाढवा."

"काका, तू कुठे वाकलास?" मी विचारलं.

त्याने खालचं बीचचं झाड दाखवलं. आम्ही दोघं तिथे गेलो. करड्या गुळगुळीत खोडावर तीन भोकं होती, एकमेकांना खेटून. कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. काका खोडाला पाठ लावून उभा राहिला, नकळतच. मग त्याने मान वळवून भोकं पाहिली. ती बरोबर त्याच्या नारिंगी जाकिटाच्या दुसऱ्या बटणाच्या उंचीवर होती.

त्याने चाकू मिटला. शर्टाची गोष्ट पुन्हा काढली नाही.

कॅम्पवर मी रायफल उघडली. पिनच्या भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. पिन माझ्या खिशात होती. तिन्ही पुंगळ्या आतून काळ्या पडल्या होत्या, जळलेल्या बंदुकीच्या दारूचा वास येत होता. त्यांची बुडं गुळगुळीत होती. त्यांवर कशाचाही ठोका पडलेला नव्हता.

दोघा भावांत कधी वाकडं नव्हतं. ना जमिनीवरून, ना बाईवरून. हे मुद्दाम सांगते, कारण हे कशावरून झालं ते शोधण्यात मी सगळा डिसेंबर घालवला.

रायफल मी दुकानात नेऊन कापली, तुकडे भंगारात दिले. बाबाने तिच्याबद्दल विचारलंही नाही. तो दिवसेंदिवस गप्प होत गेला. आधी पाय गार पडले, मग उजवा हात, मग गाल. डावा हात तेवढा उबदार राहिला, आणि सुई टोचली तरी बाबाला अजूनही काही कळत नव्हतं. काका रविवारी येतच राहिला. पूर्वी तो कुठेही बसायचा. आता खुर्ची ओढून बाबाच्या उजव्या बाजूला बसायचा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाबा गेला. खोलीत लख्ख ऊन होतं. नर्सने नाडी पाहिली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फोन करायला स्वयंपाकघरात गेली. मी त्याचा डावा हात धरून बसले होते. रडू येत नव्हतं. बोटं अजून गरम आहेत, एवढंच मनात येत होतं.

बाहेर गाडी थांबली. पायरीवर बूट आपटून बर्फ झाडल्याचा आवाज आला. काका आला होता.

बाबाच्या बोटांनी माझं मनगट पकडलं.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं, जबडा पडलेला होता. हाताने माझं मनगट मागे ओढलं, पार त्याच्या छातीपर्यंत. मग पुढे ढकललं. एकदाच, पंपाची मूठ चालवायच्या त्याच वेगाने. मी जोर लावला, पण पकड सुटली नाही.

"काका, आत येऊ नकोस," मी म्हणाले. आवाज मलाच ऐकू आला नाही.

दार उघडलं. लेस्टरकाका टोपी काढून उंबऱ्यात उभा राहिला, डोळे लाल. बाबाच्या हाताने माझा हात सावकाश उचलला, वळवला, आणि काकाच्या छातीच्या रोखाने स्थिर धरला.