सव्वीस अंशांची रेषा

मे महिन्यातल्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जयगडच्या सागरशीतन केंद्रात खबर आली. लक्षद्वीपच्या पश्चिमेला एक लहान चक्रीवादळ तयार झालं होतं. वेग ताशी चोवीस किलोमीटर, तोंड हर्णैकडे, अंतर आठशे साठ किलोमीटर. म्हणजे छत्तीस तास.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. वादळाच्या वाटेवरचे चारशे 'शीतोपसे' सुरू करायचे. शीतोपसा ही दोनशे मीटर लांबीची तरंगती उभी नळी. ती लाटांच्या जोरावर खालचं थंड पाणी वर आणते. समुद्राचा पृष्ठभाग दोन अंशांनी थंड झाला की वादळाचं इंधन तुटतं. अकरा वर्षांत सतरा वादळं अशी समुद्रातच विरली होती. किनाऱ्यावर एकही पोहोचलं नव्हतं.

"ताई, अठरावं," मुख्य अभियंते इरफान मुकादम म्हणाले. "करू सुरू?"

"थांबा."

शीतोपशाची कल्पना ज्यांची, त्या केंद्रप्रमुख डॉ. कल्याणी तांडेल पाण्याखालचं तापमान मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांचे, खोलमापी तरंडांचे, आकडे वाचत होत्या. तीन दिवसांपूर्वी हर्णैहून त्यांच्या थोरल्या भावाचा, दामोदरचा, फोन आला होता. "बाय, पन्नास वाव खोलीवरून जाळं ओढलं, तर शिशाची वजनं हाताला कोमट लागतायत. तुझे पंप गरम पाणी सोडतात की काय?" त्या हसल्या होत्या. मग त्यांनी खोलीचे आकडे मागवले होते.

"मुकादम, उपग्रहाला समुद्राची फक्त कातडी दिसते. आपण अकरा वर्षं कातडीच बघत आलो. सतरा वेळा वरचं पाणी थंड केलं. ती उष्णता गेली कुठे?"

मुकादम म्हणाले, "खाली."

"आणि तिथेच राहिली. वादळ ती पाण्यातून उचलतं आणि हवेत उधळून टाकतं. शिवाय समुद्र ढवळून थंड पाणी स्वतःच्याच पोटाखाली आणतं. तो त्याचा ब्रेक. आपण वादळं मारली आणि उष्णता दाबून ठेवली. वादळाला पोसणारं, सव्वीस अंशांच्या वर तापलेलं पाणी अकरा वर्षांपूर्वी पंचावन्न मीटरपर्यंत होतं. आज ती रेषा एकशे बारा मीटरवर आहे."

"म्हणजे उद्या एखादं थोराड वादळ आलं..."

"तर आपला थंड थर फाडेल. शंभर मीटर ढवळेल आणि त्याला शंभर मीटर गरमच पाणी मिळेल. ब्रेकच नाही."

"वीस वर्षं तुमच्याबरोबर काढली," मुकादम म्हणाले, "आणि आज चहाच्या आधी सांगताय की आपण वादळाचं खाद्य साठवत होतो?"

"मीच साठवत होते. नळीचं चित्र माझं होतं. हे वादळ लहान आहे आणि घाईत आहे. फुगायला त्याला वेळ नाही. सोडायचं तर हेच."

"दामूदादांचं घर समुद्रालगत पहिल्या रांगेत आहे, ताई."

"माहीत आहे."

पावणेसात वाजता शीतोपसे बंद ठेवण्याच्या आदेशावर त्यांनी सही केली. मुकादमांनी न विचारता खाली स्वतःची सही ठोकली. "शिव्या वाटून खाऊ," ते म्हणाले.

अकरा वर्षांत वादळ न आल्यामुळे निवारा केंद्रांची मंगल कार्यालयं झाली होती. हर्णैच्या निवाऱ्यात त्या दिवशी हळद होती. किनाऱ्यालगतची घरं रिकामी करून माणसं तिथे आणली; वऱ्हाडासकट साडेसहाशे जण तिथेच राहिले. जेवणाला बसणाऱ्यांना कुणी कुठल्या बाजूचे म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी वादळ किनाऱ्याला लागलं. वारा ताशी पंच्याऐंशी किलोमीटर. चारशे बारा छपरं उडाली, अडतीस होड्या फुटल्या. मृत्यू शून्य.

तिसऱ्या दिवशी तरंडांचे आकडे आले. वादळाच्या वाटेवर सव्वीस अंशांची रेषा एकशे तीन मीटरवर आली होती. शीतोपशांना अकरा वर्षांत जे जमलं नव्हतं, ते या एका वादळानं केलं होतं. तापलेल्या पाण्याचा थर नऊ मीटरनं कमी झाला होता. कल्याणीताईंनी जुन्या पंचावन्नपर्यंत उरलेल्या अठ्ठेचाळीस मीटरांना नवानं भागलं आणि हर्णैला फोन लावला.

"छप्पर गेलं, बाय," दामोदर म्हणाला. "माणसं सगळी आहेत. पंप बिघडले का गं?"

"नाही, दादा. मी बंद ठेवले."

पलीकडे हातोड्यांचे आवाज चालू होते. कल्याणीताईंनी सगळं सांगितलं. शिशाच्या वजनांपासून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "अजून सहा तरी वादळं यावी लागतील. आणि अशी लहान असली, तर मी ती सोडणार आहे."

"सगळी इकडनंच?"

"ते सांगता येत नाही."

"आधी कळवशील ना?"

"छत्तीस तास आधी."

दामोदरनं फोन कानाशी तसाच ठेवून वर चढलेल्या सुताराला हाक मारली. "अरे, खिळे नको मारू! बोल्ट लाव. हे छप्पर आपल्याला उतरवून ठेवता आलं पाहिजे."