मामाचा हात का थरथरला?

चंद्रावरच्या आमच्या वस्तीत मालवाहू यानं झेलण्याचं काम माझ्या श्रीरंगमामाचं. लांबलचक यांत्रिक हाताने तो यान इतकं अलगद धरतो, की आतलं अंडंही फुटत नाही. पण परवापासून त्याच्या कपातला चहा सांडू लागला होता. नवं यान यायच्या आत हाताची थरथर थांबली नाही, तर हे काम त्याच्याकडून जाणार होतं.

मामाला द्विध्रुवी विकार आहे (मन कधी अति उसळतं, तर कधी पार खचतं असा आजार). त्यासाठी तो लिथियम नावाचं औषध घेतो. त्याने कधी कधी हात थरथरतात.

"हे औषधच बदलून टाकतो," मामा वैतागून म्हणाला.

आमची यंत्रवैद्य, म्हणजे डॉक्टरकी करणारा यंत्रमानव, ठमी भलती फटकळ. "आधी तुलना तर कर. लॅमोट्रिजीन मन खचू देत नाही, पण उसळी रोखायला कमी पडतं. व्हॅलप्रोएट उसळी उतरवतं, पण त्यानेही काहींचे हात थरथरतात. क्वेटायपिन दोन्हीकडे चालतं, पण फार झोप आणतं. तुला लिथियम मानवलंय. फक्त त्याचं रक्तातलं प्रमाण सांभाळायचं."

"मग इतकी वर्षं स्थिर असलेला हात आत्ताच का थरथरतो?" मी विचारलं.

"आता कसं मुद्द्याचं बोललीस," म्हणत ठमीने मामाचं रक्त तपासलं. लिथियम वाढलेलं होतं. मामा म्हणाला, एकही गोळी जास्त घेतलेली नाही.

मला त्याचं ताट आठवलं. "मामा, तू चातुर्मासात अळणी जेवतोयस ना?"

"मीठ सोडलंय. चंद्रावर आलो म्हणून देवाला विसरायचं का?"

"सापडलं," ठमी म्हणाली. "मूत्रपिंडं (रक्त गाळणारे अवयव) नको ते लघवीवाटे बाहेर टाकतात. खाण्यातलं मीठ कमी झालं, की ती मीठ राखून ठेवतात. लिथियम मिठातल्या सोडियमसारखंच वागतं, म्हणून तेही मागे राहतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं औषध वाढलं. देवाला सांग, मिठाऐवजी वांगी सोडली."

मामा परवापासून पहिल्यांदाच हसला. पृथ्वीवरच्या डॉक्टर मोहितेबाईंनी गोळ्या थोडे दिवस थांबवल्या आणि रक्त पुन्हा तपासून सुरू केल्या. जेवणात मीठ आलं, थरथर गेली.

यान आलं. मामाने ते पहिल्याच प्रयत्नात अलगद धरलं आणि अख्ख्या वस्तीने टाळ्यांचा कडकडाट केला. अभिमानाने माझे डोळे भरून आले.

"ठमी, कोणाला कोणतं औषध मानवेल, हे आधीच सांगता येईल का गं?"

"अजून कोणालाच नीट येत नाही," ठमी म्हणाली. "तू शीक. मग मला शिकव."