अल्पविरामाचा फोन

"वरून तिसरी ओळ वाचा," मी म्हणाले.

खुर्चीतला माणूस गप्प. नाकावर तपासणीची जड चौकट, बाहेर पावसाची रिपरिप, आणि हा समोरच्या अक्षरांकडे टक लावून बसलेला. मी काच बदलली. "आता?" त्याचे ओठ हलले, आवाज मात्र नाही. मी आणखी जाड काच बसवली. एवढा तरुण माणूस, आणि एवढा नंबर!

"थांबा," तो कसाबसा म्हणाला. "म-मघाशी स्वच्छ दिसत होतं. आता तुम्ही आंधळं क-क-केलंत मला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझा धाकटा भाऊ लहानपणापासून अडखळत बोलतो. त्याच्यासाठीच तर मी अशा लोकांचा एक ईमेल-गट सुरू केला होता: एकाने मेल लिहिली की सगळ्यांना पोचते, आणि लिहिताना कुणाचीच जीभ अडकत नाही. आणि माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत मला एवढंही कळू नये?

"माफ करा हं. खरं तर मी एक गट चालवते..."

"ठाऊक आहे. मीही त्यातच आहे." तो चौकटीआडून हसला. "अ-अल्पविराम."

अल्पविराम! गटात या टोपणनावाने इतकं ओघवतं लिहिणारा माणूस म्हणजे कुणी निवृत्त प्राध्यापक असणार, असं मी धरूनच चालले होते. हा तर घरांचे नकाशे काढणारा, बोटांना शाई लागलेला, गालावर खळी पडणारा...

मी घाईघाईने काचा पुसायला घेतल्या. त्या स्वच्छच होत्या.

चष्मा न्यायला तो आला, ते ठीक. मग स्क्रू घट्ट करून घ्यायला आला. मग पुन्हा तोच स्क्रू.

"इतक्यांदा सैल होतोच कसा हा?" मी विचारलं.

"मी क-करतो ना, सैल."

मान वर करायची सोय उरली नाही.

गटाचं मात्र तेव्हा काही खरं नव्हतं. 'मास्तर' नावाचे एक गृहस्थ तासातासाला रामबाण उपाय पाठवायचे, त्यावर चौघं तुटून पडायचे, आणि त्या गदारोळात एखाद्या नव्या मुलीचा भीतभीत विचारलेला प्रश्न बुडून जायचा. माणसं न बोलता निघून जात होती. मी प्रत्येक भांडणात उडी घ्यायचे. गिऱ्हाईक आरशात चष्मा लावून बघत असलं तरी माझा डोळा फोनवर. जेवताना फोन, बसमध्ये फोन. जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

संध्याकाळी काउंटरवर कोपर टेकून आम्ही दोघं गटाची डागडुजी करू लागलो. मेलच्या विषयात आधी 'प्रश्न', 'अनुभव' की 'गप्पा' ते लिहायचं. गप्पा नको असतील त्याला दिवसाच्या सगळ्या मेल एकत्र, एकदाच. भांडण असलं तर ते दोघांत, गटाबाहेर. आणि नव्या माणसाच्या पहिल्या मेलला कुणीतरी उत्तर द्यायचंच.

"आणि मास्तरांचं काय करायचं? हाकलू?"

"छे. त्यांना ए-एकटं वाटतं. नव्या लोकांचं स्वागत त्यांच्याकडे द-द्या."

मास्तर इतके खूश झाले की उपायच विसरले. गटात पुन्हा माणसांचे आवाज येऊ लागले. आणि मी... मी दाराची घंटा वाजली की केस सारखे करू लागले.

आणि मग एका दुपारी त्याची मेल आली. मला नव्हे, सगळ्या गटाला. 'या गटाचं संचालन अडखळत बोलणाऱ्या माणसाकडेच असावं. आताच्या संचालिकेचे उपकार आहेतच, पण घर आपलं, तर किल्लीही आपल्याकडे हवी.'

हातातली काच खाली पडली. इतक्या संध्याकाळा माझ्यासमोर बसून, हे आधी मला सांगवलं नाही? तो स्क्रूसाठी आला तेव्हा मी मदतनीस मुलीला पुढे केलं. तो गेला. मग मीच दारापर्यंत धावले, आणि परत फिरले.

घरी येऊन भावापुढे सगळी आग ओकली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, तू गट म-माझ्यासाठी काढलास ना? मी त्यात क-कधी काही लिहिलंय?"

मी आठवू लागले. एक मेल आठवेना.

"तू वाचतेस म्हणून," तो हळूच म्हणाला.

चीड कुठे गेली, कळलंच नाही. दोन दिवस येरझाऱ्या घातल्या, आणि गटाची सूत्रं गटातल्याच, शिवणकाम करणाऱ्या एका मावशींच्या हाती दिली. स्वतःचं नावही काढून घेतलं. त्याच आठवड्यात भाऊ खोलीचं दार लावून काहीतरी लिहीत बसला. काय, ते मी विचारलं नाही.

मला मात्र करमेना. हात उगाच फोनकडे जायचा, आणि फोन रिकामा. दाराची घंटा वाजायची, पण अल्पविराम यायचा नाही.

अशाच एका सकाळी, दुकान उघडत असताना फोन वाजला. पलीकडे फक्त श्वास. फोनवर चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. अडखळणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही. मी कुलूप हातात धरून उभी राहिले.

"म-म-मी," शेवटी आवाज आला. "तुम्हाला आधीच स-सांगायचं होतं. काउंटरवर. रोज. श-शब्द निघेना... म्हणून लिहिलं. चुकलो."

"म्हणणं बरोबर होतं तुमचं," मी म्हणाले. "पण मग आताही लिहायचं की. फोन कशाला?"

"लिहिलं असतं तर च-चटकन झालं असतं." मी कुलूप खाली ठेवलं. "हे चटकन नव्हतं करायचं. मला तुम्ही आ-आ-आवडता. रोज भेटाल? स्क्रू नसला त-तरी?"

मी, गिऱ्हाइकाला बोलू न देणारी, घरी सगळ्यांची वाक्यं पुरी करणारी... मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि गळ्यातून काही बाहेरच पडेना.

पलीकडून तो हसल्याचं ऐकू आलं.

"सावकाश," तो म्हणाला. "मला घ-घाई नाही."