मिरचीच्या गावातले चिरूट

"आप्पा, मन्ही बहीणले शेठनी कोंडी ठेयेल शे."

आमशा दारातच उभा राहिला. सातपुड्यातल्या मोलगीकडचा हा उंच, काटक माणूस नंदुरबारहून शहाद्याला आला होता.

नथ्थू मास्तरांनी चहाची बशी खाली आदळली. मास्तरांचा राग म्हणजे वाळल्या गवताची गंजी, काडी लागायचा अवकाश! सुकलाल आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. रेल्वेत हरवलेल्या आणि खराब झालेल्या मालाची चौकशी करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. नोकरी सुटल्यावर ते लोकांची खाजगी कोडी सोडवत, आणि मास्तर त्यांच्यामागे छत्री घेऊन हिंडत.

"बस. पहिल्यापासून सांग," आप्पा म्हणाले.

आमशाने सांगितलं. भाईदास शेठ म्हणजे नंदुरबारचे बडे मिरची व्यापारी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तापीकाठी सातासमुद्रापारच्या डोमिनिकन बियाण्याची तंबाखू लावली आणि चिरुटांचा कारखाना काढला. डोंगरातल्या बारा बायका तिथे चिरूट वळत. आमशाची बहीण रूपलीबाई त्यांची मुख्य. माल पारखून चांगला-वाईट निवडायचं काम तिचं.

काल एडनच्या पेढीचा दलाल फरामजी माल पसंत करायला आला होता. त्याने नमुन्याच्या डब्यातला चिरूट पेटवला, एक झुरका घेतला आणि खोकून खोकून लालबुंद झाला. चिरुटात मिरची!

"पन रूपलीनी आधीच सांगं व्हतं," आमशा म्हणाला. "डबा उघडताच ती बोलनी, यामा मिरची शे, पाव्हनाले देऊ नका. शेठनी आयकं नही, मंग तिलेच म्हने, तुले कसं समजनं? तूच टाकी! आज सांजले फौजदारना ताबामा देनार."

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" मास्तर गरजले. "आप्पा, उठा!"

नंदुरबारला मोटारीतून उतरताच आप्पांना पहिली शिंक आली. शेठच्या वाड्यापर्यंत मास्तरांच्याही शिंकांना सुमार राहिला नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरची वाळत पडली होती.

भाईदास शेठ हसले. "बाहेरगावचं नाक! आम्हाला इथे कधीच काही जाणवत नाही. मिरचीत जन्मलो, मिरचीत मरणार."

"आणि मधल्या काळात बायका कोंडणार," मास्तर पुटपुटले. आप्पांनी त्यांचं धोतर हळूच ओढलं.

चौकशी करू द्यायला शेठ तयार नव्हते. पण ओसरीवर बसलेला फरामजी आप्पांना रेल्वेच्या दिवसांपासून ओळखत होता. "झेर मी खाल्ला," तो म्हणाला, "म्हणून कोणी दिला ते मला कळलं पायजे. सुकलालभाई, तुम्ही विचारा."

"झुरका घेण्याआधी चिरूट पाहिला होता?"

"पाहिला म्हणजे? अरे बाबा, एडनचे गोरे साहेब डोमिनिकनशिवाय तोंडात घेत नाय. मी बोटांनी दाबला, कानाशी फिरवला. जरा पण कुरकुर नाय. बांधणी अशी, मला वाटलं थेट डोमिनिकनच हातात आला! बस, मग पेटवला."

आप्पांनी डबा मागवला. आतल्या पांढऱ्या लाकडावर ओला रुमाल फिरवला. रुमाल स्वच्छ राहिला. मग एक चिरूट त्यांनी टोकापासून टोकापर्यंत पुसला. दोन्ही टोकांकडे रुमालावर तांबूस डाग उमटले. 'तापी' छापलेली कागदी पट्टी सोलून त्यांनी मधला भाग पुसला. तिथे डाग नव्हता. पट्टी करंगळीएवढी रुंद होती, कोरा भाग चांगला दोन बोटं.

"कशासाठी हे?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हीही बघून ठेवा," आप्पा म्हणाले. मास्तरांनी बघितलं. त्यांना एक चिरूट दिसला.

नंतर मुनीम उदेसिंग आला. भला माणूस, पण शेठच्या सावलीलाही घाबरणारा.

"पट्ट्या कुठे असतात?"

"शेठना कपाटमा. किल्ली त्यास्ना कंबरले."

"आणि चिरुटांना लावतं कोण?"

"बाया लावतस. ह्या डबाले मात्र शेठनी सोताच लाया. मुंबईथून उनात ना, त्याच हप्तामा. म्हने, परदेशना पहिला डबा, शुभ हातनं जाऊ दे."

भाईदास शेठना आप्पांनी एवढंच विचारलं, "डबा देण्याआधी तुम्ही तपासला होता?"

"स्वतः वास घेतला. मधासारखा! त्यानंतर त्या बाईने काही केलं असेल. होळीच्या आधी एकीला कामावरून काढली म्हणून माझ्याशी भांडली होती. त्याचा सूड."

"एखादा ओढून पाहायचा."

"छे! मी तंबाखू तोंडाला लावत नाही. आमच्या घरात चालत नाही."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने आपला माल कधी चाखला नाही, तो परदेशी विकायला निघाला होता, आणि जी बाई रोज पारखते तिला डांबून ठेवली होती!

वाड्याशेजारच्या कारखान्याच्या मागे पानांची खोली होती. बाहेरून कडी, कडीला कुलूप. दारापाशी ओल्या तंबाखूचा गोड, जड वास येत होता.

"रूपलीबाई," आप्पांनी फटीतून विचारलं, "तुले मिरची कशी समजनी?"

"नाक शे माले," आतून आवाज आला. "शेठनी डबा उघाडा तं मन्हा डोळास्ले पानी उनं. मी होळीले घर गयथू, महिनाभर डोंगरमा व्हतू. परवाच उनू."

"डब्यातला माल तूच निवडला होता?"

"कालना आधी मी तो डबा कधी देखाच नही. कोनीच देखा नही."

"पाणी दिलं का गं कुणी तुला?" मास्तरांना राहवलं नाही.

"नही." मास्तर स्वतः तांब्या घेऊन आले आणि दाराखालच्या फटीतून तांब्या जात नाही म्हणून त्यांनी दारावर लाथ मारली. लागलं त्यांनाच.

आप्पा तोवर चिरूट वळायच्या पाटांकडे गेले होते. तिथे लाकडी साचे होते. वळलेला चिरूट त्या खाचेत घालून दाबायचा, म्हणजे सगळे एका मापाचे होतात. फळीवरचा, इथेच वळलेला एक चिरूट त्यांनी खाचेत ठेवला. तो चपखल बसला. मग डब्यातला ठेवला. तो टोकाशी वर उचलून राहिला.

"फुगला असेल," मास्तर म्हणाले.

"मास्तर, आता सगळ्यांना बोलवा."

अंगणात शेठ, मुनीम, फरामजी आणि बारा बायकांपैकी उरलेल्या अकरा जमल्या. आमशा कुलपापाशी उभा राहिला.

"रूपलीबाईने मिरची डब्यात टाकली असती," आप्पांनी सुरुवात केली, "तर डब्याच्या लाकडाला लागली असती. लाकूड कोरं आहे. म्हणजे मिरची चिरुटांना लागली ती डब्यात जाण्याआधी."

"मग आधी टाकली!" शेठ म्हणाले.

"ऐका. चिरुटाच्या मधोमध दोन बोटं जागेला मिरची नाही. तुमची पट्टी तर करंगळीएवढी. मग बाकीची जागा कशाने झाकली होती? दुसऱ्या, रुंद पट्टीने. हे चिरूट मिरचीत पडले होते तेव्हा त्यांच्या अंगावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. ते नंतर सोलून 'तापी' चिकटवलं. पट्ट्यांची किल्ली कुणाकडे? त्या लावल्या कुणी?"

मुनीम शेठपासून पाऊलभर दूर सरकला.

"हे चिरूट इथल्या साच्यात बसत नाहीत. इथल्या एकाही बाईने ते पाहिलेले नाहीत. आणि फरामजी, तुमच्या बोटांनी तर काल खरं तेच सांगितलं होतं."

फरामजी ताडकन उठला. "थेट डोमिनिकन!"

"मुंबईत मिळतात. शेठ ते घेऊन आले. घरात तंबाखू चालत नाही, कारखान्यात बायका ओळखतील, म्हणून फडक्यात बांधून मिरचीच्या पोत्यात लपवले. मिरची फडक्यातून गाळली गेली. मग पट्ट्या बदलल्या, डबा भरला, वास घेतला आणि यांना मधासारखा वाटला. लबाडी बेमालूम होती, फक्त नाक नंदुरबारचं होतं. महिनाभर डोंगरात राहून आलेल्या बाईला जे कळलं, ते शेठना कळणं शक्यच नव्हतं."

"आणि तिने सावध केलं," मास्तर ओरडले, "तर तिच्याच गळ्यात धोंडा बांधला! फौजदार तिला घेऊन गेला असता, म्हणजे डब्याकडे कुणी पाहिलं नसतं, हो ना? अहो, लाज कशी वाटली नाही?"

शेठचा तोल सुटला. शुद्ध मराठी गळून पडली. "मंग काय करतू? डोंगरन्या बायास्ना हातना माल एडनले कोन लेतं?"

फरामजी काही न बोलता फळीपाशी गेला. रूपलीबाईने निवडून ठेवलेला एक चिरूट त्याने उचलला, दाबला, कानाशी फिरवला, पेटवला. राख पांढरी, घट्ट, बोटभर लांब झाली तरी गळेना.

"डोमिनिकन नाय," तो अखेर म्हणाला. "पण सरस आहे. हा काल दिला असता ने भाईदास, तर कालच सही करून मोकळा झालो असतो. आता तुझ्या नावाचा माल मी कोणत्या तोंडाने पाठवू?" त्याने टोपी उचलली.

मास्तर शेठच्या कमरेची किल्ली हिसकावून कुलपाकडे धावले. दार उघडलं. रूपलीबाई ओल्या पानांच्या ढिगाशेजारी बसली होती. ती उठली नाही.

"ये बाई, सुटलीस."

"ज्यानी कोंडी त्यानी बलावाले पाहिजे," ती म्हणाली. "काल सारा बाजार आयकत व्हता. आज बी आयकू दे."

दारापुढे बाजारची माणसं जमलीच होती. शेठ आप्पांकडे पाहत राहिले. आप्पांनी नजर दुसरीकडे वळवली.

"रूपली... चल, बाहेर ये," शेठ पुटपुटले.

"मोठ्याने!" मास्तर म्हणाले.

"रूपलीनी काही करं नही. मी करं."

मग ती उठली. शेठच्या अंगावरून जाताना थांबली. "तीन वरीस तुन्हा माल निवाडा मी. एकदा तरी माले इचारतास, चांगला शे का म्हनीन. मी सांगतू ना."

ती आमशाबरोबर निघाली. अंगणात जमलेल्या बायकांनी हातातली पानं खाली ठेवली आणि एकेक करून तिच्यामागे गेल्या. शेठनी मुनिमाला त्यांना थांबवायला सांगितलं. मुनीम दारापर्यंत गेला आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडला.

चैत्राच्या उन्हात तंबाखूच्या पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं लागतं, नाहीतर ती कडक होऊन हातात भुगा होतात. किती पाणी, कुठल्या ढिगाला, हे शेठना ठाऊक नव्हतं. आठवडाभराने मास्तर मुद्दाम नंदुरबारला जाऊन आले. पानांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि आतला भुगा वाऱ्याने अंगणभर उडत होता.